खुशालरावाच्या माळ्यावरची लक्ष्मी

अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. नांदगाव खंडेश्वरचा खुशालराव तोवर चारचौघांसारखा होता. पेरायचा, वेचायचा, भेटेल त्याला रामराम करायचा. आता त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घातली आणि मातीच्या धाब्याचं घर पाडून कवेलूंच्या छपराचं बांधलं. लोक रामराम करू लागले, हा नुसती मान हलवू लागला.

नव्या घराला लाकडी माळा होता. कशासाठी, ते त्यालाही सांगता येत नसे. अमरावतीच्या एका अडत्याकडं पाहिला होता, एवढंच. घाईत सुतारानं ओलंच लाकूड ठोकलं, ते सुकलं आणि फळ्यांत हात जाईल एवढ्या फटी पडल्या. खुशालरावानं खालून लाल कापडाचा चांदवा ताणून त्या झाकल्या.

हिवाळ्यात माळ्यावर धपधप सुरू झाली.

"अवो, वर काईतरी फिरून राह्यलं," बायको मैनाबाई म्हणाली. "शिडी लावून पाहा ना."

"नव्या घरात जनावर? लोक हसतीन आपल्याले."

शिवाय शिडी चढणं आता त्याला शोभत नव्हतं.

एकदा सांजेला शेजारचे नत्थुजी ओट्यावर बसले होते. त्यांनी कान टवकारले. "वर काय वाजून राह्यलं जी?"

खुशालरावाच्या तोंडून निघून गेलं, "लक्ष्मी हाय. रोज पावलं वाजतेत."

विषय टाळायला तो बोलला होता. पण नत्थुजींनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दारात आलं. कुणीतरी शिडीच्या टोकाशी राख पसरली. तीत पाच बोटांचा ठसा उमटला. माणसाचा नाही, म्हणजे देवीचाच! माळ्याच्या तोंडाशी केळी ठेवली, सकाळी साली उरल्या. वरून सुवासिक भात शिजल्यासारखा वास येई, त्यानं उरलीसुरली शंका गेली. चांदव्याच्या कडेनं बोरांच्या बियांचे गोळे खाली पडले, ते बायांनी प्रसाद म्हणून पदराला बांधले. मैनाबाईनं एक गोळा नाकाशी नेला होता. नवऱ्याचा मान राहावा म्हणून तिनं तो हळूच उकिरड्यावर टाकला आणि हात धुतले.

सगळ्यांत शेवटी विश्वास बसला तो खुद्द खुशालरावाचा. चालताना तो आवाज न करता पाऊल टाकू लागला.

मुलगी रुख्मिणी लग्नाच्या वयाची झाली होती. बार्शीटाकळीचे भगवंतराव सोयरीक ठरवायला आले. लक्ष्मीच्या खालीच पंगत बसवली. पुरणपोळी, कढी, वडे. भगवंतरावांनी पहिला घास उचलला आणि चांदवा टर्रकन फाटला. एक काळसर केसाळ गोळा थेट त्यांच्या कढीत पडला. पाठोपाठ दुसरा मांडीवर. फटीतून हातभर शेपूट लोंबलं आणि डोळ्यांवर काळी पट्टी असलेलं तोंड खाली डोकावलं.

"लक्ष्मीची लेकरं!" नत्थुजींनी डोकं जमिनीला टेकलं.

भगवंतरावांनी मिशीची कढी पुसली. "लक्ष्मीले शेपूट काहून हाय? उदमांजर हाय जी थे. आमच्याकडं झाडावर राह्यते. तुमच्याकडं देव्हाऱ्यात राह्यते वाटते."

धरणी दुभंगली तर बरं, असं खुशालरावाला वाटलं. सकाळी हात जोडणारेच आता काठ्या घेऊन आले. कुणी मिरच्यांचा धूर करायला सांगितलं.

मैनाबाईला मात्र आता राहवेना. "धुरानं माय पळन अन् पिल्लं वर मरतीन. मंग बसा थो वास घेत! पिल्लं जाग्यावर ठेवा, केळं देनं बंद करा. भूक लागली का थे आपल्या पायानं जाईन."

खुशालराव धोतर खोचून स्वतःच्या माळ्यावर पहिल्यांदा चढला. वर सुकलेले हार, कुजकी केळी आणि गड्यानं बियाण्यासाठी वर टाकलेल्या कापसाचं गुबगुबीत अंथरूण. त्यावर तिसरं पिल्लू झोपलं होतं. उपरण्यात गुंडाळून आणलेली दोन्ही त्यानं शेजारी ठेवली. एकानं त्याचं बोट चोखायला घेतलं. त्याला हसू आलं आणि बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

पुढच्या दोन-तीन दिवसांत आईनं पिल्लं मानेला धरून सरकलेल्या कवेलूतून शेजारच्या चिंचेवर नेली. माळा रिकामा झाल्याची खात्री करून खुशालरावानं कवेलू बसवले आणि छपरावर आलेली फांदी तोडली. सोयरीकही झाली. असा किस्सा देणारा व्याही भगवंतरावांना सोडवेना.

उन्हाळ्यात बातमी आली की अमेरिकेतली लढाई थांबली. कापसाचा भाव कोसळला. पण लढाईचं कारण गावाला पटेना, ते फार लांबचं होतं. खुशालरावाचं घर जवळ होतं.

"तुमीच लक्ष्मीले हाकललं," नत्थुजी चारचौघांना घेऊन आले. "आता तुमीच आना वापस."

"मले सांगू नोका. थे चिंच हाय समोर, तिथं जाऊन इचारा."

ते खरोखरच गेले, केळी घेऊन. खुशालराव ओट्यावरून पाहत राहिला. मग मैनाबाईकडं वळून म्हणाला, "औंदा अर्ध्या वावरात कापसाच्या जागी ज्वारी टाकू."