पुढच्या चाकांचे शाफ्ट

जीपचा शाफ्ट नाल्यात तुटला. भाऊ दोर बांधायला खाली उतरला. पाणी वाढलं. संध्याकाळी त्याचं शव सापडलं.

गावकऱ्यांनी बैल लावून जीप बाहेर काढली आणि एका ट्रकवाल्याने ती घुग्घुसच्या गॅरेजात पोचवली. वहिनीचे दिवस भरत आले होते. ती नाल्यापलीकडच्या गावात होती आणि मी कोरपन्याला शाळेत शिकवत होतो. बैलबंडीचे हिसके तिला सोसणार नाहीत, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पावसाळ्यात तिकडे एसटी जात नसे. तिला दवाखान्यात आणायचं तर त्याच जीपने, त्याच नाल्यातून. जीप चालवणारा घरात मी एकटाच उरलो होतो.

गॅरेजच्या मिस्त्रीने शाफ्टचे दोन जोड फडक्यावर मांडले. एक नवा, तेल लावलेला. दुसरा मिलिटरीच्या लिलावातला, वापरलेला. जिथून चाक वळतं, तिथे शाफ्टला पोलादी गोळ्यांचा सांधा असतो. भावाचा तिथेच तुटला होता.

"तुमच्या भावाले किती खेपा सांगतलं, डांबरावर आलं का पुढची ताकद काढत जा. आयकन थे काऊन!"

आमच्याकडे सगळे तसंच करत. मृग लागला की चारही चाकांची ताकद लावायची, ती दिवाळीपर्यंत काढायची नाही. चिखल कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून. डांबरावर सांधे झिजत जात, आणि ते दिसत नसे.

"एकच तुटला आहे ना?" मी विचारलं.

"दुसरा बी तेवढाच झिजला असन. दोन्ही बदलवा."

"मग कोणते घेऊ?"

"नव्याचं लोखंड कसं हाय, मले नाई सांगता येत, गुरुजी. जुना तरी चालून आलेला हाय."

"तुम्ही कोणते घेतले असते?"

"मी? मी त् नाल्यात जातच नाई!" तो हसला, मग माझ्याकडे पाहून फडकं सरळ करू लागला.

मी सांधे हातात धरून फिरवले. जुन्यात किंचित ढिलाई होती, बोटांना कळत होती. नव्यात काहीच कळत नव्हतं. त्या काहीच न कळण्याची मला जास्त भीती वाटली. मी जुने घेतले.

"पाण्यात स्टिअरिंग सरळ ठेवजा," मिस्त्री म्हणाला. "वळवलं का सांध्यावर जोर येते."

जीप घेऊन निघालो आणि डांबर संपलं तिथे चारही चाकांची ताकद लावली. जाताना नाला गुडघाभर होता. वहिनीला घेऊन परतलो तोवर पाणी चढलं होतं. मी काठावर थांबलो.

"भाऊजी, थांबू नका," ती म्हणाली. "थांबलो त् मी उतरून जाईन."

मध्यावर प्रवाहाने पुढची चाकं ढकलली. मला थोडं वळवावंच लागलं. खालून कट् असा आवाज आला, मग पुन्हा. वहिनीने डोळे मिटले. मी ॲक्सिलरेटर सोडला नाही. चाकं काठाला लागल्यावरही तो आवाज मला ऐकू येत होता.

त्या आठवड्यात तिला मुलगी झाली.

आता नाल्यावर पूल आहे. जीप विकली. पुतणी गडचांदूरला नोकरी करते आणि वहिनी तिच्याजवळ असते. मी त्यांच्याकडे एसटीने जातो. त्या दिवसानंतर मी गाडी चालवलेली नाही.