मेहेंदळेकाकांच्या घराची पाहणी

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे शरच्चंद्र मेहेंदळे आजवर एकदाही विमानात बसलेले नाहीत. मुलाला पोचवायला ते लोहगावच्या विमानतळावर गेले आणि दारातूनच परत आले, एवढाच त्यांचा हवाई अनुभव. तरीही टोरांटोपासून मेलबर्नपर्यंत पसरलेली काही हजार मराठी माणसं त्यांच्या शब्दाला जो मान देतात, तो वारज्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांना कुणी देत नाही. सोसायटीत लोक त्यांना टाळतात, कारण काका खरं बोलतात, आणि तेही जिन्यात गाठून.

हा मान त्यांना मिळाला परदेशस्थ मराठी मंडळींनी इंटरनेटवर चालवलेल्या एका कट्ट्यावर. माझं बुधवार पेठेत रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे काकांना जुना कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि कट्ट्यावर त्यांचं नाव नोंदवण्याचं पाप माझ्याच माथी. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा आमोद नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला नोकरीला गेला. तिकडे माणसं काय खातात, घरी किती वाजता येतात, हे काकांना जाणून घ्यायचं होतं. मुलालाच विचारायची सोय नव्हती. मेहेंदळ्यांच्या घरात अशा चौकशीला भोचकपणा म्हणतात. नोंदणी करताना कट्ट्याच्या चालकांनी विचारलं, पुण्यात राहणाऱ्या माणसाचं इथे काय काम? काकांनी उत्तर लिहायला सांगितलं, "ज्या गावावरून तुम्ही भांडता, त्या गावात कुणीतरी राहायला नको का?" प्रवेश लगेच मिळाला. आमोदला मात्र त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही.

कट्ट्यावर भांडणं अखंड चालू असतात. परदेशातून मत द्यायचा हक्क हवा की नको, यावरून अटलांटातले एक डॉक्टर आणि दुबईतले एक इंजिनिअर सहा वर्षं एकमेकांना 'माननीय' म्हणत शिव्या घालतायत. कॉम्प्युटरच प्रोग्राम लिहायला लागला तर आपल्या नोकरीचं काय, या प्रश्नाने भल्याभल्यांची झोप उडाली आहे. शिवाय उणे दहा तापमानात दही कसं लावायचं, हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने निघतो. पण हिंडून फिरून गाडी येते ती 'परत जावं का' यावरच. मग पुण्याचा विषय निघतो, आणि प्रत्येकाचं पुणं तो ज्या साली विमानात बसला त्या सालचं असतं.

अशा वेळी कुणीतरी लिहितं, रीडरना पाठवा. 'रीडर' हे काकांचं कट्ट्यावरचं नाव. चौतीस वर्षं त्यांनी वीजखात्यात घरोघरी जाऊन मीटरचं रीडिंग घेतलं. या कामात एक सोपी वाट असते. घर बंद दिसलं किंवा कुत्रं अंगावर आलं, की मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधायचा आणि सरासरी बिल पाठवून मोकळं व्हायचं. काकांनी ती वाट कधी धरली नाही. दार बंद असलं तर ते तीन-तीन खेपा घालत. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा नियम त्यांनी कट्ट्यावरही नेला. हिंजवडीहून वारजे वीस मिनिटांवर आहे, असं कुणी ठामपणे लिहिलं, तर काका संध्याकाळी हिंजवडीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, '६.०५ ला निघालो, ७.५२ ला पोचलो. वीस मिनिटं एकाच चौकाला लागली. दावा खोटा.' लीड्सच्या एका बाईंना आपलं लहानपणचं शाळेच्या पुस्तकांचं दुकान अजून आहे का ते जाणून घ्यायचं होतं. काका माझ्या दुकानावरून तिथे चालत गेले, फोटो काढला आणि खाली मालकांचा निरोप दिला: एक गिऱ्हाईक परदेशी गेल्याने दुकान बंद पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आमोद आला, पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. तेव्हापासून दर शनिवारी त्याचा फोन येतो. काका सांगतात, सगळं ठीक आहे. तोही तेच सांगतो. चार मिनिटांत फोन संपतो. माझी बायको अख्तरबानू अधूनमधून डबा पाठवते, काका तो घासून परत करतात आणि 'उत्तम होतं' म्हणतात. आमचाही त्यावर विश्वास बसला होता, हे मला आज सांगायला लाज वाटते.

या फेब्रुवारीत कट्ट्यावर एका नव्या टोपणनावाने कुणीतरी लिहिलं: 'वडील पुण्यात एकटे आहेत. फोनवर सगळं ठीक म्हणतात. खरंच ठीक असतील तर मी इथेच राहतो, नसतील तर परत येतो. पण खरं कळणार कसं?' खाली अडीचशे प्रतिक्रिया पडल्या. कुणी श्रावणबाळाचा काळ संपल्याचं जाहीर केलं, कुणी पुण्याच्या हवेतल्या धुळीचे आकडे दिले, कुणी घरात कॅमेरे बसवायचा सल्ला दिला. अटलांटा आणि दुबईने इथेही एकमेकांशी भांडून घेतलं. शेवटी एकमताने ठरलं, रीडरना पाठवा. त्या मुलाने खासगी निरोपातून पत्ता पाठवला. तो काकांच्याच घराचा होता.

रविवारी सकाळी दहा वाजता काकांनी आमची बेल वाजवली. हातात पॅड, कानावर पेन्सिल.

"तांबोळी, तासभर मोकळे आहात का? एका घराची पाहणी करायची आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्यांनी तो निरोप मला वाचायला दिला. मला आधी हसू आलं, ते त्यांचा चेहरा पाहून विरलं. मी म्हटलं, यात पाहायचं काय, तुम्हाला तुमचं घर माहीत आहे. त्यावर ते म्हणाले की स्वतःच्या मीटरचं रीडिंग स्वतः घ्यायचं नसतं. तुम्ही पाहा आणि सांगा, मी लिहून घेतो.

सुरुवात अर्थातच खाली मीटरपासून झाली. काकांनी मागच्या महिन्याचा आकडा काढून ठेवला होता. वजाबाकी मी केली. महिन्याला एकतीस युनिटं. काकू असताना नव्वदच्या वर जायची. माझा जन्म विजेच्या वस्तू उघडण्यात गेला आहे, त्यामुळे मला फार विचार करावा लागला नाही.

"फ्रीज, कॉम्प्युटर आणि एक दिवा," मी म्हटलं.

"अशी रीडिंगं मी खूप घेतली आहेत," काका म्हणाले. "त्या घरात माणूस असतो, पण राहत नसतो."

वर आलो. दोन खोल्यांची दारं लावलेली, कड्यांवर धूळ. तिसऱ्या खोलीत पलंग, खुर्ची आणि कॉम्प्युटर. फ्रीजमध्ये चार डब्यांत एकच आमटी, आणि मागच्या गुरुवारी अख्तरबानूने पाठवलेली भाजी एका वाडग्यात काढून ठेवलेली, जशीच्या तशी. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटात असायला हव्या होत्या त्यापेक्षा सहा गोळ्या जास्त. काका माझं बोलणं मुकाट्याने उतरवून घेत होते. न्हाणीघरात टॉवेलची दांडी भिंतीतून उखडलेली होती. हे कसं झालं, मी विचारलं.

दिवाळीच्या आधी ते पाय घसरून पडले होते. दांडीचा आधार घ्यायला गेले तर तीच हातात आली. पाऊण तास फरशीवर होते. आम्हाला हाक का मारली नाही, तर आमच्याकडे त्या दिवशी पाहुणे होते.

मला भयंकर राग आला. त्यांच्या दारापासून चार पावलांवर राहून मला पत्ता लागला नव्हता, तो राग खरं तर माझ्यावरचा होता. काढला मी त्यांच्यावर.

"काका, दोन वर्षं तुम्ही पोराला सरासरी बिल पाठवताय."

चौतीस वर्षांत त्यांना इतकं वाईट कुणी बोललं नसेल. ते स्टुलावर बसले. डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. मग ते सांगायला लागले. खरं कळवलं तर आमोद नोकरी सोडून येणार आणि जन्मभर मनात म्हणणार, बाबांमुळे यावं लागलं. ते ओझं त्यांना पोराच्या डोक्यावर द्यायचं नव्हतं. मग 'ठीक आहे' असंच कळवा ना, मी म्हटलं. त्यांनी पॅडवरचा कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आणि हे काय करू?"

ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि एका बोटाने टाइप करत राहिले. मी मागे उभा राहून वाचत होतो.

'प्रत्यक्ष पाहणी केली. सोबत शेजारी होते. म्हातारा ठीक नाही. एका खोलीत राहतो, शिळं खातो, गोळ्या चुकवतो. दिवाळीआधी पडला, ते लपवलं. जिवाला धोका नाही. समोर चांगली माणसं आहेत, त्यांना काही सांगितलं नाही ही त्याची चूक. आजपासून रात्रीचं जेवण त्यांच्याकडे ठरलं आहे. त्याच्यासाठी परत येऊ नका. आलात तर स्वतःसाठी या. रीडर.'

जेवण आमच्याकडे ठरल्याचं मला त्या ओळीवरूनच कळलं. मी मान हलवली. काकांनी शेवटचा 'रीडर' खोडला, तिथे 'बाबा' लिहिलं आणि निरोप धाडला.

दहा मिनिटांत फोन वाजला. शनिवार नव्हता. मी स्पीकर लावून फोन त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला आणि निघालो, तर त्यांनी मनगट धरून मला बसवलं.

"बाबा, रीडर तुम्ही आहात?"

"हो."

आमोद म्हणाला की चार वर्षं तो रीडरचं लिहिणं वाचतोय, ऑफिसातल्या मराठी मित्रांना वाचूनही दाखवतो. मग त्याचा आवाज बदलला. तिकडे करमत नाही, याला दोन वर्षं झाली, तो सांगू लागला. काम चांगलं आहे, गाव चांगलं आहे, पण आपलं काही नाही. परत यायला कारण सापडत नव्हतं. बाबा आजारी असतील तर कारण मिळेल, असं एकदा मनात आलं आणि मग त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली की त्याने नाव लपवून लोकांना विचारलं.

"म्हणजे मी स्वतःसाठीच येतोय, बाबा," तो म्हणाला. "चालेल ना?"

काकांचा आवाजात नेहमीची धार आणायचा प्रयत्न मला दिसत होता, पण ती काही नीट आली नाही.

"मग हे अडीचशे लोकांना विचारत बसण्यापेक्षा घरी विचारायचं होतंस."

"घरी विचारलं की सगळं ठीकच असतं, बाबा."

काका फोनकडे वाकून, जणू तो समोरच बसला आहे अशा हलक्या आवाजात म्हणाले, "ठीक नाहीये. तू ये."