तांदळाच्या रांगेतलं व्याख्यान

स्कॉटलंडातला तो अर्थपंडित मला कॉलेजात भेटला, म्हणजे त्याचं जाडजूड पुस्तक भेटलं. लग्न न करता आईजवळ राहिलेला, रस्त्यानं स्वतःशीच बोलत चालणारा हा प्राध्यापक मला फार आपला वाटायचा. त्याचं म्हणणं असं, की टंचाईत धान्य राखणारा व्यापारी स्वतःच्या फायद्यासाठी का होईना, पण गावाला सुगीपर्यंत पुरवून खायला लावतो. त्याच्यावर दात-ओठ खाणारे लोक चेटकिणी शोधणाऱ्यांइतकेच भाबडे. मी लोणावळ्यात मास्तर झालो तरी डोक्यात तोच होता. शहाणपण असं अंगात भिनलं की तोंड कुठं उघडावं हे कळत नाही.

लढाईच्या दिवसांत तांदूळ मिळेनासा झाला. बाजारातल्या एका दुकानदाराकडे माझं बसणं-उठणं होतं. तो घरटी एकच शेर द्यायचा आणि दुपारच्या आत रिकामं पोतं सगळ्यांसमोर दारात उलटं झटकायचा. नुसती धूळ उडाली की बायका बोटं मोडत घरी जायच्या, पण जायच्या. मागच्या खोलीत अजून तीस पोती आहेत, हे त्यानं मला विश्वासानं सांगितलं होतं. मला वाटलं, माझं पुस्तकच दुकान मांडून बसलंय.

एका सकाळी खंडाळ्याहून पायी आलेल्या म्हातारीनं रांगेतून विचारलं, "रोज संपतंय, मंग रोज येतंय कुटनं?" कुणीतरी त्याला चोर म्हणालं. माझं टाळकं सरकलं. मी पायरीवर चढलो आणि वर्गात शिकवतो तसा शिकवायला लागलो. हा माणूस चोर नाही, म्हटलं. यानं तीस पोती मागं राखलीत, म्हणून तुम्ही श्रावणात जेवणार आहात.

तीस पोत्यांच्या पुढचं कुणी ऐकलं नाही.

रांगेतल्या रेल्वेच्या खलाशी मजुरांनी दुकानाच्या फळ्या उखडल्या. दुकानदार मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला, तेव्हा कुणीतरी लोखंडी मापच त्याच्या तोंडावर हाणलं. दात पायरीवर पडले. मग दाराचा अडसर काढून उजवा हात मोडेपर्यंत मारला. "मास्तर, सांगा की ह्यास्नी," तो ओरडत होता. मी सांगतच होतो. मला एक चपराक बसली, एवढंच. ती म्हातारीसुद्धा पायातली वहाण काढून त्याला मारत होती. रक्तात सांडलेला तांदूळही बायकांनी पदरात भरला; धुऊन घेता येतो.

दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचा हात कोपरापासून काढला होता. माझी मान वर होत नव्हती.

"तुमी खोटं न्हाई बोललात," तो सुजल्या ओठांनी म्हणाला. "मी काय त्यांच्यासाटी राखलं नव्हतं. भाव चढला की इकणार हुतो. पन जगली असती समदी."

तीस पोती आठ दिवसांत संपली. श्रावणात बाजारात दाणा नव्हता. एका सकाळी पाच-सहा बायका माझ्या दारात आल्या. कुणी रागावलेलं नव्हतं, उलट अदबीनं पदर सावरून उभ्या होत्या.

"मास्तर," त्यांतली एक म्हणाली, "आनखी कुनाकडं हाये, तेवढं सांगा."

मला एक घर माहीत होतं. आणि आमच्या डब्यातही चार दिवसांपासून तांदूळ नव्हता.