उशीर कुणी केला?

हौसामावशींना कुणी काही वाचून दाखवायला लागलं, की त्या आधी उठून उभ्या राहत. "बसून ऐकलं की मान आपसूक हालती. उभं ऱ्हायलं की भांडाया येतं," असं म्हणत.

कवठे येमाईत त्यांचं टोमॅटोचं रान होतं. टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावला तर मुळांवरच्या गाठींचा रोग कमी होतो का, हा माझा प्रयोग तिथंच चालला होता. मी दौंडच्या एका कॉलेजात शिकवते. झेंडूची रोपं मी पुरवायची, लागवड त्यांनी करायची, असं ठरलेलं. प्रयोग फसला. पेपर लिहून झाला, आमच्या विभागप्रमुखांनी तपासला. पाठवण्याआधी मावशींना ऐकवावा म्हणून मी शिरूरला एसटी बदलून त्यांच्याकडे गेले आणि इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले.

"'शेतकऱ्याने झेंडूची लागवड उशिरा केल्याने...'"

"थांबा मॅडम. उशीर कुणी केला?"

परीक्षेच्या कामात मी रोपं उचललीच नव्हती. तीन आठवडे ती रोपवाटिकेत पडून होती. पहिल्या खर्ड्यात मी 'रोपे उशिरा मिळाली' एवढंच लिहिलं होतं. पुढची कारागिरी सरांची.

"सरांनी भाषा जरा नीट केलीय, मावशी. तुमचं नाव नाही त्यात."

"भाषा नीट केली आन् मला आळशी केली व्हय? नाव नसंल, रान तर माझंच हाय. वाफं करून रोज रस्त्याकडं बघत हुते मी."

तिथंच पेन काढून मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'संशोधकाने रोपे तीन आठवडे उशिरा पोहोचवली.'

"संशोधक म्हंजी कोण?"

"मी."

"मंग वाचा म्होरं."

सर भडकले. "कॉलेजची शोभा करताय. हे वाक्य राहणार असेल तर माझं नाव काढा." मी काढलं. पहिल्या नियतकालिकाने पेपर परत पाठवला, दुसऱ्यानेही. मी तोंड पाडून मावशींना सांगायला गेले.

"तिसरीकडं धाडा," त्या म्हणाल्या. "पर त्या वाक्याला हात लावायचा न्हाई."

मावशी वारल्या त्याच्या महिनाभर आधी पेपर छापून आला. अंक घेऊन गेले, तेव्हा त्यांनी अंथरूण धरलं होतं. कुठली ओळ ते विचारून त्यांनी तिच्यावर अंगठा टेकवला.

"आता ही सरांना खोडता येईल?"

"नाही."

"आन् तुम्हाला?"

"मलाही नाही, मावशी."