आधी पालथं पडा!

आख्ख्या संभाजीनगरात धडधाकट माणसाला भरदुपारी गवतात पालथं झोपवण्याची ताकद एकाच व्यक्तीकडं आहे, आमच्या घरमालकीण काकूंकडं. दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, कुणीही सुटलेलं नाही. मी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला आलेलो, आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. खोली बघायला गेलो, तर भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला, काकूंनी हुकूम सोडला, "आधी पालथा पड!" अंगात चांगला म्हणावा असा एकच शर्ट होता. तरी पडलो. काडीवर नखाएवढं फुलपाखरू बसलं होतं.

"काय दिसतंय?"

"निळं हाय."

"अरे, वरून सगळीच निळी! पंख मिटू दे. खालचे ठिपके बघ, ओळख तिथं असते."

त्यानं पंख मिटले आणि मी हरखलोच! राखाडी रेशमावर कुणी सुईनं टिंबं काढावीत तसं ते दिसलं. लहानपणापासून बांधावर हजारदा बघितलेलं फुलपाखरू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते काकूंमुळं. खोलीही मिळाली.

काकूंच्या या नादाला स्थळकाळ नाही. पाहुण्यांना घेऊन वेरूळला गेल्या, तर पाहुणे सगळी लेणी बघून परत आले तरी काकू तिकीट खिडकीजवळच्या गवतातच. भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या फेट्यावर एक निळी बसली, तेव्हा भर मंगलाष्टकात त्या भटजींना म्हणाल्या, "जरा थांबा हो, पंख मिटतेय!"

पण काकूंचा खरा जीव होता कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर. सोसायटीनं तिथं ब्लॉक बसवून पार्किंग करायचं ठरवलं, तशा काकू बैठकीत उभ्या राहिल्या. "तिथं एक निळी आहे. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधोमध ठिपका नसलेली. आपल्या भागात क्वचितच दिसते!"

अध्यक्षांनी हात जोडले. "काकू, फोटो दाखवा, काम थांबवतो."

मग काय! रोज सकाळी आम्ही दोघं प्लॉटवर पालथे. शेवटी एकदा ती माझ्या मोबाइलपुढं अगदी वीतभर अंतरावर बसली. "हलू नको! श्वाससुद्धा घेऊ नको!" काकू कुजबुजल्या. पंख मिटले, मी फोटो काढला, बोटांनी मोठा केला. मधोमध ठिपका होता. फिकट, पण होता. म्हणजे कुणाच्याही अंगणात दिसणारी, नेहमीचीच निळी.

"काकू, डिलीट करू?"

घराला काडी लावू का विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. संध्याकाळी बैठकीत स्वतःच तो फोटो प्रत्येकाला दाखवत फिरल्या, तेही इतक्या उत्साहानं, की आपण हरलोय हे त्या सांगतायत, हेच बराच वेळ कुणाला कळेना.

अध्यक्षांनाच वाईट वाटलं. "ओ काकू, बोलल्याच नसत्या तर आम्हाला काय कळणार व्हतं? आम्हाला समदी सारखीच."

"मला कळलं ना, बाबा," काकू म्हणाल्या.

ब्लॉक बसले. पहिल्या दिवशी गाड्या आत लागत होत्या, तेव्हा आम्ही समोरच्या ओट्यावर बसून होतो. काकूंनी माझा मोबाइल मागितला, तो फोटो उघडला आणि डोळ्यांजवळ धरला.

"पण ठिपका किती सुरेख आलाय रे!" त्या म्हणाल्या. मग पदरानं काच पुसून पुन्हा बघत राहिल्या.