लिम्बानीच्या वाटचं पाणी

एनेलेसीबाईंना स्वतःचं मूलबाळ झालं नाही, पण डेझाच्या डोंगराखालच्या त्या गावात निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. दुसरीचा वर्ग शाळेच्या इमारतीत कधी मावलाच नाही, तो आंब्याखाली भरायचा. पाऊसकाळ आला की बाई पोरांना घरून एकेक रिकामा डबा आणायला सांगत. डब्यात माती, मातीत घेवड्याचा एक दाणा. पुरताना म्हणत, "हा मेला नाही बरं का. झोपलाय. रोज थोडं पाणी घाला, उठेल."

आणि तो उठायचा. वाकलेली मान वर काढून दोन पानं उघडायचा तेव्हा पोरं अशी ओरडत, की इमारतीतले मास्तर छडी घेऊन बाहेर येत.

त्या वर्षी लिम्बानी वर्गात होता. बडबड्या पोरगा. त्याच्या मागोमाग धाकटी बहीण तियामिके यायची. तिचं वय अजून शाळेचं नव्हतं, पण आई फालेसी दिवसभर शेतात, म्हणून बाईंनी तिला बसू दिलं होतं. तिलाही डबा हवा होता.

"तुझं हजेरीत नाव तरी आहे का गं?" लिम्बानीने चिडवलं.

"दाण्याला काय कळतंय माझं नाव!" ती फणकारली. बाई हसल्या. तिलाही दाणा मिळाला.

रोपं वीतभर झाली आणि लिम्बानीला हिवताप चढला. दवाखाना ओढ्यापलीकडे, आणि ओढा दुथडी भरलेला. पाणी ओसरेपर्यंत पोर तग धरू शकलं नाही.

बायकांनी रात्रभर रडत गाणी म्हटली. सकाळी पुरुषांनी त्याला गावाबाहेरच्या राईत नेलं. ती राई मेलेल्यांची. तिथलं लाकूड कोणी तोडत नाही, आणि लहान पोरांनी तर तिकडे बघायचंही नाही. तियामिकेला कोणीतरी सांगितलं, "दादा झोपला गं. मातीत ठेवलंय त्याला."

पुढे काही दिवसांनी थडगी खणणारी माणसं राईत गेली, तर लिम्बानीच्या मातीचा चिखल झालेला आणि शेजारी दुधाच्या पावडरीचा डबा. दुसऱ्या दिवशी पोरगी तिथेच सापडली. दरडावून विचारलं तेव्हा म्हणाली, "बाईंनीच सांगितलंय, रोज घालायचं."

गाव पेटलं. गावप्रमुखांच्या अंगणात बाईंना बोलावणं आलं. पोरीचा मामा सगळ्यांत तापलेला. त्यांच्यात पोरांवर हक्क मामाचाच.

"बाई, तुम्हाला लिहायला-वाचायला शिकवायला ठेवलंय, का पोरं मसणात धाडायला?"

"मी धाडलं नाही, दादा."

"मग ही स्वतःच्या डोक्याने गेली? एवढीशी?"

शब्द बाईंचेच होते, ते नाकारणार कसे? प्रमुखांनी दंड सांगितला, एक कोंबडी. बाईंनी ती त्याच संध्याकाळी नेऊन दिली. फालेसी सगळा वेळ चटईवर खाली मान घालून बसली होती.

पोरीला मात्र खरं कोणी सांगेना. शेवटी बाईच तिला आंब्याखाली घेऊन बसल्या.

"बाई, पाणी कमी पडलं का हो?"

"नाही गं राणी. तू पुष्कळ घातलंस." बाईंनी पदराच्या गाठीतून दोन दाणे काढले, एक कोरडा, एक घरच्या पातेल्यातला. "हा कोरडा आतून जिवंत आहे, म्हणून उगवतो. हा शिजलेला. याला कितीही पाणी घाल, नाही उगवणार. दाणा झोपलाय असं मी म्हणाले, ते माझं चुकलं. लिम्बानी मेलाय. तो नाही येणार परत."

तियामिके शिजलेल्या दाण्याकडे बघत राहिली.

"त्याचं अंग लई भाजत होतं," ती म्हणाली. "म्हणजे तापाने शिजला तो?"

बाईंनी तिला जवळ ओढलं, पण पोरगी लाकडासारखी ताठ बसून राहिली.

कापणीनंतर मामा तिला तळ्याकाठच्या आपल्या गावी घेऊन गेला. त्या संध्याकाळी फालेसी बाईंच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच टेकली.

"बाई, ती कोंबडी मी द्यायला हवी होती."

"असू दे गं. पोर आहे, तिला काय कळतंय?"

"पोरीचं नाही सांगत." फालेसी पायाच्या बोटांकडे बघत होती. "मला माहीत होतं ती कुठं जाते ते. पहिल्या दिवशी बघितलं, अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हाताने डबा भरेना. मीच भरून दिला."

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. चुलीवरचा मक्याचा घाटा करपल्याचा वास आला, तरी दोघी उठल्या नाहीत.

हे बाईंनी कोणालाच सांगितलं नाही. मामालाही नाही, प्रमुखांनाही नाही. पुढे कोणी नवे मास्तर गावात आले, की लोक त्यांना बाई दाखवून हळूच म्हणत, पोरांना राईत धाडलं ते हिनेच. बाईंच्या कानावर ते यायचं. त्या मान खाली घालून वर्गाकडे चालू लागत.