गिरणीपर्यंतचं पेट्रोल

आमची गाडी सीएनजीवर चालते, पण सुरू होते पेट्रोलवर. इंजिन तापलं की गॅसचा हिरवा दिवा लागतो. उन्हाळ्यात तो सोसायटीच्या फाटकातच लागायचा. हल्ली थंडीत पिठाची गिरणी आली तरी त्याचा पत्ता नसतो. तोवर गाडीबाई पेट्रोल पीत राहतात. गंमतच आहे, गाडी अ‍ॅव्हरेज 'देते' आणि पेट्रोल 'पिते', जणू घरचंच माणूस!

शेजारी बाबा बसलेले असतात. अर्धांगवायूनंतर थंडीत त्यांचे शब्दही उशिरा येतात. रोज व्यायामाला नेताना त्यांची वाक्यं मीच घाईने पुरी करते. आज मात्र मी गप्प बसले. गिरणी मागे पडली, दिवा लागला. बाबा सावकाश म्हणाले, "आधी... तापू द्यायचं असतं गं."